शंभूची राखण

कमलाक्षीला राग यायला कारण लागत नाही, असं कोरगावात म्हणत. साफ खोटं. कारण असायचंच, ते दुसऱ्याला दिसायच्या आत तिच्या तळपायाची आग मस्तकात गेलेली असायची, एवढंच. लग्न होऊन दोन वर्षं होतात न होतात तो नवरा गेला. सासरच्यांनी चार शब्द ऐकवले, हिने चाळीस ऐकवले, आणि ट्रंक उचलून माहेरी आली ती कायमची. बापाचा खाज्याचा धंदा होता. बेसनाच्या कांड्या तळायच्या, आल्या-गुळाच्या पाकात घोळवायच्या आणि पेडण्यातल्या जत्रा एकामागून एक गाठायच्या. बापाच्या माघारी झारा हिच्या हातात आला. एखादं गिऱ्हाईक खाजं मोडून, हुंगून, "ह्या गेल्या वर्साचा नाय मगे?" असं विचारायला लागलं की ही म्हणायची, "घेवचा तर घे, नाय तर वाट धर!" आणि गंमत बघा, लोक मुकाट घेत.

असल्या बाईच्या मांडीवर शंभू वाढला. तिच्या भावाचा, महादेवचा, एकुलता एक मुलगा. खाणी जोरात चालायच्या त्या दिवसांत महादेव डिचोलीकडे खनिजाचा ट्रक हाकायचा आणि रविवारचा घरी उगवायचा. त्याची बायको देवकी तुयेच्या कारखान्यात कामाला. सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. मग पोर कोणाचं? आतेचं. बोलायला लागला तोही आतेचंच बोलणं बोलायला लागला. दोन-अडीच वर्षांचा जीव, दुकानाच्या फळीमागून जेमतेम नाक वर यायचं, आणि मिशीवाल्या बाप्यांना दरडावायचा, "घेवचा तल घे, नाय तल वात धल!" लोक पोट धरून हसत. कमलाक्षी हसत नसे. ती नुसती मान ताठ करून खाजं तोलायची.

मांद्र्याच्या जत्रेत, संध्याकाळच्या भर गर्दीत, शंभूला पहिली फिट आली. चांगला खाजं चोखत बसला होता. कपाळ गरम होतं की गार, कुणी पाहिलं नव्हतं. खेळणाऱ्या पोराच्या कपाळाला कोण हात लावून बघतं? एकाएकी त्याचे डोळे वर गेले, अंग ताठ झालं आणि हातपाय झटके द्यायला लागले. कमलाक्षीने जी किंकाळी फोडली ती ऐकून अर्धी जत्रा धावली. धावून काय केलं? एकाने पायातली वहाण काढून पोराच्या नाकाला लावली. दुसऱ्याने मुठीत लोखंडी चावी कोंबली. तिसरा दीडशहाणा चहाच्या दुकानातून कुलेर घेऊन आला आणि जीभ चावेल म्हणून तो चमचा त्याने दातांत घुसवला. पुढचा इवलासा दात कट्कन मोडला. रक्त बघितलं मात्र, कमलाक्षीने झारा उचलला आणि त्या माणसाच्या पाठीत असा हाणला की तो बिचारा पुन्हा तिच्या दुकानाच्या वाटेला गेला नाही.

फिट थांबली. पोर लोळागोळा होऊन झोपलं. आणि मग, अंग तापायला लागलं. आधी फिट, मागाहून ताप. ही एक गोष्ट कमलाक्षीच्या डोक्यात जी बसली ती बसलीच.

म्हापशाला पोरांचे एक डॉक्टर होते. माणूस हुशार, पण दारात ही रांग. त्यांनी शंभूला तपासलं आणि देवकीला सांगितलं, "ही तापाची फिट. लहान मुलांना येते. पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत परत येऊ शकते, मग जाते. हे फिटवरचं औषध घरात ठेवा. ताप आला की सुरू करायचं, ताप गेला की बंद. एरवी हात लावायचा नाही."

देवकीने मान डोलवली. कमलाक्षी मागे उभी होती. ती म्हणाली, "आणि तापाच्या आधीच इली तर?"

डॉक्टरांनी घंटी वाजवली होती. पुढची बाई पोर घेऊन आत आली होती. "सांगितलं तसं करा," ते म्हणाले.

"मी इचारलंय ता येगळा—"

"वन्स, चला," देवकीने तिचा हात ओढला. बसमध्ये म्हापसा सोडल्यापासून पेडणे येईपर्यंत कमलाक्षी धुमसत होती. एवढा शिकलेला माणूस, पण साध्या प्रश्नाला उत्तर देत नाही! पैसे घेताना बरी सवड असते! शेजारी बसलेल्या परक्या माणसालाही तिने दोनदा हे सुनावलं.

गणपती होऊन गेले आणि दुसरी फिट आली. घरात, भर दुपारी, तिच्या डोळ्यांसमोर. शंभू चटईवर झोपला होता. जागा झाला, "आते" म्हणाला आणि डोळे फिरले. कपाळाला तिने अर्ध्या घटकेपूर्वी हात लावला होता, गार होतं. फिट संपल्यावर अंग फणफणलं. आणि डॉक्टरांची ती बाटली फळीवर होती तशी, बूचसुद्धा न उघडलेली. कमलाक्षीने ती हातात घेतली आणि तिला रडू फुटलं, पण ते रागाचं रडू. काय करायचं होतं या औषधाचं? पोर झटके देऊन मोकळं झाल्यावर पाजायचं? वरातीमागून घोडं कशाला नाचवायचं?

त्याच दिवसांत गावची राखण होती. भाताला दाणा धरला की कोरगावच्या शिवेवर राखणदाराला वर्षाचा मान द्यायचा. रोट, नारळ, विडी, घोटभर दारू. बाबाजी घाडी गाऱ्हाणं घालत होता, शेतात डुक्कर शिरू नये, गोठ्यात वाघ येऊ नये, पोराबाळांच्या अंगावर वाईट वारं येऊ नये. गाव "व्हय म्हाराजा" म्हणत होतं. कमलाक्षीही म्हणाली. म्हणता म्हणता ती थांबली. डुक्कर शेतात शिरल्यावर कुणी राखण देतं का? आधी देतात. दर वर्षी देतात, न चुकता, डुक्कर असो नसो. मग पोराच्याच बाबतीत उलटी रीत का? ते डॉक्टर शहाणे की बापजादे शहाणे?

दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या दुधात तिने अर्धी कुलेर औषध घालायला सुरुवात केली. देवकीला सांगितलं नाही. देवकी म्हणजे डॉक्टर बोलला तो देव बोलला असं मानणारी; उगाच वाद कशाला? बाटली गुळाच्या डब्यामागे ठेवली. संपली की शुक्रवारच्या बाजाराला म्हापशाला गूळ आणायला जायचीच, तिथून दुसरी आणायची. डॉक्टरची चिठ्ठी दाखवली की मिळे. इतक्या बाटल्या कशाला लागतात बाई, असं एकाही दुकानदाराने विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं की काय, देव जाणे!

आणि फिट आली नाही! दिवाळी गेली, जत्रांचा हंगाम गेला, पुन्हा गणपती आले आणि गेले. मधे एकदा ताप आला, सर्दी झाली, कांजिण्या झाल्या. फिट नाही. कमलाक्षी मनात म्हणायची, बघ रे डॉक्टरा, उत्तर नव्हतं ना तुझ्याकडे? मी शोधलं.

पण पोराचं काय झालं होतं, ते सगळ्या गावाला दिसत होतं. पहिले काही दिवस लोक म्हणाले, "शंभू शाणो झालो हां, कसो गपचीप बसता!" मग म्हणायचे बंद झाले. तो गपचीप बसायचा तो बसूनच राहायचा. तोंडातून लाळ गळायची. अंगणात धावायला गेला की पाय एकमेकांत अडकून पडायचा आणि पडल्यावर रडायचाही नाही. जत्रेत फळीमागे बसवला तर खाज्याच्या टोपलीवर डोकं टेकून झोपायचा. मिशीवाले बाप्ये मुद्दाम त्याच्यासमोर खाजं मोडून म्हणायचे, "रे शंभू, ह्या शिळा दिसता!" आणि त्याच्या तोंडाकडे बघायचे. शंभू त्यांच्याकडे बघायचा, आणि पापण्या मिटायचा. मग ते कमलाक्षीकडे न बघता पैसे ठेवून निघून जायचे.

बालवाडीच्या भाग्यलक्ष्मी बाईंनी एक दिवस देवकीला बोलावलं. गेली मात्र कमलाक्षी. बाई चांगल्या होत्या हो, काळजीनेच बोलल्या. "सगळी मुलं गाणं म्हणतात, हा झोपतो. स्वतःचं नाव विचारलं तर बघत राहतो. एकदा चांगल्या डॉक्टरला—"

"तुमका शिकवूक येयना, ता सांगा!" कमलाक्षीने तिथेच तोंड सोडलं. "पोर शांत असा तर तुमच्या पोटात दुखता? दंगो करता तो हुशार काय?" चार आया ऐकत होत्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी येताना कमलाक्षी शंभूचा हात धरून तरातरा चालत होती आणि तो मागून अडखळत, जवळजवळ फरफटत येत होता. अंगणात पोचल्यावर तिने वळून बघितलं. त्याचे दोन्ही गुडघे फुटले होते, आणि त्याने हूं की चूं केलं नव्हतं. तिने जखमा धुतल्या, हळद लावली. फिट तर नाही ना येत, असं ती स्वतःलाच ऐकू जाईल इतकं मोठ्याने म्हणाली.

रविवारी महादेव आला. त्याच्याही कानावर गेलं होतं. जेवणं झाल्यावर त्याने शंभूला पुढ्यात घेतलं. "बाळा, माझा नाव काय? सांग बगू." शंभूने खूप वेळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग जांभई दिली. महादेव उठला, आणि राग कुणावर काढावा? बायकोवर! "तुझ्या माहेरात असो कोण होतो गे? दिवसभर कारखान्यात बसतंस, पोराशी बोलता कोण? पणजेक असल्या पोरांची शाळा असा म्हणतत. थंय घालूया. दुसरा काय करतलंस?"

देवकी ताट घासत राहिली. कमलाक्षी चुलीपाशी बसली होती. असल्या पोरांची शाळा. तिच्या अंगाचा नुसता भडका झाला, आणि तिने चुलीत आणखी एक लाकूड कोंबलं.

पणजीच्या शाळेत घालायचं तर डॉक्टरचा दाखला पाहिजे. देवकीने रजा टाकली आणि शंभूला घेऊन म्हापशाला निघाली. कमलाक्षी बरोबर गेली. येऊ नका म्हटलं तरी ती गेलीच असती.

तेच डॉक्टर, तीच रांग. त्यांनी शंभूला चालायला लावलं. तो झुलत चालला. डोळ्यांत उजेड टाकला. हातात चेंडू दिला. तो खाली पडला, त्याने उचलला नाही. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "एवढ्या दिवसांत फिट?"

"एकपण नाय," देवकी म्हणाली.

"रोज काही औषध?"

"काय नाय, डॉक्टर."

मग डॉक्टर देवकीला बोलायला लागले. मुलाची वाढ मागे पडली आहे, मेंदूच्या तपासण्या कराव्या लागतील, आधी का आणलं नाही, तुम्ही आई आहात ना, नोकरी करता म्हणून मुलाकडे असं दुर्लक्ष करायचं का? देवकी खाली मान घालून ऐकत होती. तिच्या हनुवटीवरून पाणी शंभूच्या केसांत पडत होतं आणि शंभूला त्याचंही काही नव्हतं.

कमलाक्षीला काय झालं कोण जाणे. कबुली द्यायची म्हणून तिने दिली नाही. ती गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण एक परका माणूस तिच्या भावजयीला तिच्यादेखत झोडपत होता, आणि ते तिला सोसवेना. "तेका कशाक बोलतास?" ती कडाडली. "तेचो काय संबंध? मी देतंय औषद! रोज! तुमीच दिलल्या बाटलेतला!"

डॉक्टर उभे राहिले. "रोज? ते औषध? अहो बाई, तुम्हाला अक्कल आहे का? मुलाला तुम्ही वर्ष-दीड वर्ष गुंगीत ठेवलंय! सांगितलं नव्हतं, एरवी हात लावायचा नाही म्हणून?"

"सांगलात! आणि मी इचारलंय ता? फिट तापाच्या आधी इली तर काय करू, म्हणान इचारलंय! घंटी वाजवलात तुमी! माझ्या मांडयेर पोर डोळे फिरयता, ताप नाय, काय नाय, आणि तुमची बाटली फळयेर! मी काय करूचा होता? सांगा मगे! आज तरी सांगा!"

बाहेरची रांग दाराशी येऊन उभी राहिली होती. डॉक्टरांनी घंटीकडे हात नेला आणि मागे घेतला. खाली बसले.

"आधी आली तर," ते शेवटी म्हणाले, "काही करता येत नाही. येऊ द्यायची. औषधाने काही फिट टळतात, सगळ्या नाही. तापाचं औषध देऊनही टळत नाहीत. बघवत नाही, मला माहीत आहे. पण ती फिट पोराला काही करत नाही, आजी. येते आणि जाते. कुशीवर झोपवायचं, तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, जवळ बसायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर मात्र उचलून जवळच्या दवाखान्यात न्यायचं." मग म्हणाले, "हे मी त्या दिवशीच सांगायला हवं होतं."

"होया होता," कमलाक्षी म्हणाली. आणि आजी म्हटल्याचा राग तिला आला, पण तो तिने गिळला.

औषध एकदम बंद करायचं नव्हतं. थोडं थोडं कमी करत, डॉक्टरांना दाखवत सोडायचं होतं. पोर परत पहिल्यासारखं होईल का, असं देवकीने विचारलं. होईल असं वाटतं, डॉक्टर म्हणाले, बघू.

म्हापशाच्या बसस्टँडवर, पेडण्याची बस लागायची तिथे, भर गर्दीत देवकी थांबली. ही बाई लग्न होऊन आल्यापासून नणंदेला उलटून बोलली नव्हती. तिने शंभूला कडेवर घट्ट धरलं आणि म्हणाली, "वन्स, दीड वरीस माझ्या झिलान माका 'आये' म्हणान हाक मारूक नाय. तो माझ्या तोंडाकडे बघी आणि निजा. मी रोज रडलंय, तुमच्यासमोर रडलंय. नवऱ्यान माझा माहेर काढल्यान. आणि तुमी गूळ कढवीत बसलात! तुमका माझी कीव इली नाय?"

त्या घटकेला कुणी कमलाक्षीच्या हातात झारा दिला असता तर तिने तो स्वतःच्याच कपाळात घालून घेतला असता. घरी आल्यावर तिने गुळाच्या डब्यामागची बाटली काढली आणि देवकीच्या पुढ्यात ठेवली. त्यानंतर औषध मोजून घालायची ती देवकी. दूधही तीच द्यायची. कारखान्यात जाताना पोराला ती शेजारच्या रुक्मिणीकडे ठेवून जायची. आते त्याच घरात, आणि पोर शेजारी! कमलाक्षीचा पाक त्या दिवसांत दोनदा करपला.

औषध कमी होत गेलं तसा शंभू जागा होत गेला. आधी लाळ थांबली. मग एक दिवस पडला आणि चक्क भोकाड पसरलं. मग रुक्मिणीच्या कोंबडीच्या मागे धावला. आणि एका सकाळी देवकी चप्पल घालत होती तेव्हा उंबऱ्यावरून ओरडला, "आये, वचू नको!" देवकी तिथेच बसली ती कारखान्याची बस चुकली.

हळूहळू तो कमलाक्षीकडेही यायला लागला. देवकीने अडवलं नाही. आल्या आल्या पहिल्याच दिवशी त्याने निवडलेल्या तिळांच्या सुपात पाय घातला. "मेल्या, तंगडी मोडून हातात देईन!" कमलाक्षी गरजली, आणि लगेच चुलीकडे तोंड फिरवून डोळे पुसले. एवढा आनंद तिला आयुष्यात कधी झाला नव्हता.

थंडीचे दिवस आले. जत्रा तोंडावर. एका सकाळी शंभूचं नाक वाहत होतं. देवकी दारात घुटमळली. रजा उरली नव्हती. "वन्स," ती म्हणाली, "तुमच्यार सोडून जातंय."

"जा," कमलाक्षी म्हणाली.

पाक चुलीवर होता आणि शंभू कांड्या मोजायचा खेळ खेळत होता, तेव्हा ती आली. तेच. डोळे वर, अंग ताठ. कमलाक्षीची नजर गेली ती गुळाच्या डब्याकडे, आणि ती नजर तिने ओढून परत आणली. त्याला चटईवर कुशीवर घेतलं. गळ्याचं बटण सोडलं. चुलीतलं लाकूड ओढलं. आणि जवळ बसली.

काही न करता बसायचं! जिने काही न करता एक दिवस काढला नव्हता, तिने! पोर झटके देत होतं आणि हिचे हात मांडीखाली दाबून धरलेले होते, नाही तर त्यांनी त्याला आवळलं असतं. रुक्मिणी ओरडत आली. तिच्या ओरडण्याने आणखी पाचसात जण अंगणात जमले. शेजारचा विठू हातात लोखंडी चावी घेऊन पुढे झाला. कुणी तरी कुलेर शोधायला लागलं.

"एकानपण उंबरो ओलांडलो," कमलाक्षी जागची न हलता म्हणाली, "तर हो तापलेलो पाक आंगार टाकीन. वायच थांबा थंयच." तिच्या आवाजात असं काही होतं की विठूने चावी खिशात टाकली. मग ती त्या फिटलाच शिव्या द्यायला लागली, दातओठ खात, हळू आवाजात, घराण्याचा उद्धार करत. येतंस तर ये, म्हणे, पण जा. जा गे भवाने. जा.

आणि ती गेली. पाच मिनिटं झाली असतील नसतील. शंभूचं अंग सैल पडलं, श्वास लांब यायला लागला. कपाळ आता तापलं होतं. तो झोपला. कमलाक्षी ओली पट्टी ठेवत बसून राहिली. तिचं लुगडं घामाने भिजलं होतं. कुणीही हललं नाही. सगळे दारात उभे, जनेलाच्या गजांतून वाकून बघत. आता हा उठेल तो कसा उठेल? पुन्हा तसाच, जांभई देत? कमलाक्षी हेच मनात विचारत होती.

बऱ्याच वेळाने शंभूने डोळे उघडले. छपराकडे बघितलं. आतेकडे बघितलं. मग दारातल्या, जनेलातल्या त्या सगळ्या तोंडांकडे बघितलं, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"घेवचा तर घ्या," तो दुखऱ्या, चिडक्या आवाजात म्हणाला, "नाय तर वाट धरा!"

रुक्मिणीला हुंदका फुटला. कमलाक्षीने मांडीखालचे हात काढले. ते बधिर झाले होते. ती दाराकडे वळली.

"आयकलास मगे?" ती खच्चून ओरडली. "धरा वाट!"